तैहोकूचा मर्ग: नेताजींच्या मृत्यूची बयानं कशी तपासायची

मागच्या डिसेंबरात हरभऱ्याला पाणी देऊन घरी आलो, हातपाय धुतले, तर नात फोन घेऊन ओसरीत वाटच पाहत होती. २३ जानेवारीला तिला शाळेत नेताजींवर बोलायचं होतं. ‘‘आबाजी, नेताजी विमानात मेले का नाई मेले? एकच सांगा.’’ तिच्या फोनवर तीन व्हिडिओ होते. एकात विमान जळत होतं. दुसऱ्यात नेताजी रशियाच्या तुरुंगात होते. तिसऱ्यात दाढी वाढवून फैजाबादेत पडद्याआड बसले होते. तिन्हींत बोलणाऱ्याचा सूर मात्र एकच, भुताच्या गोष्टी सांगतात तसा.

मी इतिहासाचा मास्तर नाही. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात २६ वर्षं पोलीस पाटील होतो. विहिरीत पडलेला, वीज पडून गेलेला, फवारणीत औषध लागून गेलेला, सगळ्यांची वर्दी ठाण्यात मीच दिली. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला की जमादार यायचा, आणि पंच गोळा करण्यापासून बयानं होईस्तोवर मी उभा. एक माणूस कसा मेला हे चार माणसं चार तऱ्हेनं सांगतात तेव्हा काय करायचं, एवढंच मला येतं. नातीला तेच शिकवलं. तुमच्या घरीही असा वाद निघत असेल, तर ही रीत करून पाहा. तीन-चार रात्री लागतात आणि एक दोनशे पानी वही.

आधी चतुःसीमा

घटनास्थळाचा पंचनामा लिहिताना कोणी एकदम प्रेतापासून सुरुवात करत नाही. आधी चतुःसीमा. पूर्वेला अमक्याचं वावर, पश्चिमेला नाला, उत्तरेला पांदण, दक्षिणेला पडीक. ज्याबद्दल कोणाचा वाद नाही ते आधी कागदावर आणायचं, म्हणजे वादाची जागा किती लहान आहे ते कळतं. मी नातीला म्हटलं, पहिल्या पानावर फक्त बिनवादाचं लिही.

तिनं लिहिलं ते असं. १५ ऑगस्ट १९४५ ला जपाननं शरणागती जाहीर केली. १६ तारखेला नेताजी सिंगापूरहून बँकॉकला गेले, १७ ला बँकॉकहून सायगावला. तिथं जपान्यांच्या विमानात जागा नव्हती. बरोबरची माणसं मागं ठेवावी लागली, आणि नेताजींसोबत आझाद हिंद सेनेचे एकटे कर्नल हबीबुर रहमान चढले. विमान दोन इंजिनांचं मित्सुबिशी बनावटीचं बॉम्बर. त्याच विमानात जपानी सैन्याचे लेफ्टनंट जनरल शिदेई होते, ते मांचुरियातल्या दाइरेनला चालले होते. रात्री मुक्काम तुरान इथं, म्हणजे आजचं दा नांग. १८ ला दुपारी विमान फॉर्मोसा बेटावर तैहोकूला उतरलं. ते आजचं तैवानमधलं तैपेई. ही झाली अलीकडची हद्द.

पलीकडची हद्द २३ ऑगस्टची. त्या दिवशी जपानच्या दोमेई वृत्तसंस्थेनं जगाला सांगितलं की चंद्र बोस विमान अपघातात गेले. सप्टेंबरात अस्थी टोकियोला पोचल्या आणि रेंकोजी नावाच्या बौद्ध मंदिरात ठेवल्या गेल्या. अजून तिथंच आहेत.

वाद आहे तो मधल्या तुकड्याचा. तैहोकूच्या धावपट्टीवरून विमान पुन्हा उडालं तिथपासून प्रेत जळेपर्यंत. चार दिवसांचं वावर समजा. तिथं काय झालं एवढंच शोधायचं. बाकी रशिया, फैजाबाद पुढच्या पानांवर. पोरीला घाई होती, मी होऊ दिली नाही.

कोण कुठं उभा होता

आता वही आडवी धरा आणि चार रकाने आखा: कोण, कुठं होता, कधी सांगितलं, काय सांगितलं. यातला दुसरा आणि तिसरा रकाना लोक गाळतात. खरं काम त्याच दोघांत आहे.

हे मला आमच्या नाल्यानं शिकवलं. १९९७ च्या श्रावणात गावातला एक शेतकरी बाजार करून बंडीनं परत येत होता. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी चाललं होतं. बंडी उलटली, बैल कसेबसे निघाले, माणूस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वळणावर बाभळीत अडकलेला सापडला. तीन बयानं झाली. अलीकडच्या काठावर गुराखी होता, तो म्हणाला बैल बुजले. एक बाई निंदण करून परतत होती, ती दूर धुऱ्यावर होती, ती म्हणाली चाक रपट्याखाली घसरलं. तिसरा होता किराणावाला. त्यानं सांगितलं की भाऊबंदकीचं प्रकरण आहे, कोणीतरी ढकललं, आणि असं सांगितलं की जमादार लिहायचं सोडून ऐकत राहिला. रंग, आवाज, शिव्या, सगळं होतं त्यात. मी मधेच विचारलं, ‘‘तू कुठी होता?’’ ‘‘म्या दुकानात होतो ना पाटील. पन मले मालूम हाय.’’

तेव्हापासून एक लक्षात ठेवलं आहे. गोष्ट जितकी घोटून आलेली, तितकं विचारायचं की तू कुठं होता.

तैहोकूला हाच रकाना भरा. विमानात साधारण १२-१३ माणसं होती. शिदेई आणि मुख्य वैमानिक गेले. वाचलेल्यांत हबीबुर रहमान आणि काही जपानी अधिकारी: नोनोगाकी, कोनो, साकाई, ताकाहाशी, अराई. हे पहिल्या ओळीचे साक्षीदार. धावपट्टीजवळ देखभालीचा माणूस नाकामुरा होता, तो दुसऱ्या ओळीतला. नानमोन लष्करी दवाखान्यात डॉक्टर योशिमी आणि डॉक्टर त्सुरुता होते, आणि नाकामुरा नावाचाच एक दुभाषी. नावं सारखी आली की खूण करा, नाहीतर दोन नाकामुरांची एकच खिचडी होते. आमच्या गावात एकाच नावाचे पाच विठ्ठल आहेत, म्हणून सांगतो. मग अस्थी नेणारे. आणि सगळ्यात खाली, ‘आम्हाला आतून माहीत आहे’ म्हणणारे. ही शेवटची ओळ वहीत सगळ्यात लांब होते. आमच्या किराणावाल्यासारखी.

‘कधी सांगितलं’ हा रकानाही तसाच सोडू नका. ब्रिटिशांनी १९४५ आणि १९४६ मध्ये चौकशा केल्या. तेव्हा आठवण ताजी होती, पण साक्षीदार हरलेल्या सैन्यातले, काही कैदेत, आणि विचारणारा शत्रू. १९५६ ला भारत सरकारनं नेमलेल्या शाहनवाज समितीसमोर तीच माणसं अकरा वर्षांनी बोलली. १९७० नंतर सरकारच्याच खोसला आयोगासमोर पंचवीस वर्षांनी. माणूस पंचवीस वर्षं एक गोष्ट सांगत राहिला की ती गुळगुळीत होते, पाट्यासारखी. त्यानं खोटं बोलायचं ठरवलेलं नसतं.

उफणायचं कसं

रकाने भरले की विसंगती डोळ्यांत भरतात, आणि इथंच बहुतेक माणसं घसरतात. दोन बयानं जुळत नाहीत, म्हणजे दोघं खोटे. व्हिडिओवाल्यांचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो.

आमच्या रपट्याचंच पाहा. बैल बुजले की चाक घसरलं? गुराख्याला बैलांची तोंडं दिसत होती, बाईला मागून चाक. दोघंही आपापल्या जागेवरून खरं बोलत होते. तिघांची बयानं शब्दाला शब्द जुळली असती तर जमादारानं आधी माझ्याकडेच पाहिलं असतं, की पाटलानं शिकवलं काय रे? खऱ्या बयानात थोडा फरक असतोच. वाऱ्यावर टोपली धरून उफणतो तसं करा. हलकं उडून जाऊ द्या, खाली काय उरतं ते पाहा.

उडून जाणारं असं: विमान किती उंचीवर होतं. जपान सरकारनं जानेवारी १९५६ मध्ये केलेला एक अहवाल २०१६ मध्ये जाहीर झाला. त्यात लिहिलं आहे की उडाल्यावर साधारण २० मीटरवर असताना डाव्या पंखावरच्या पंख्याचं पातं तुटलं आणि इंजिन गळून पडलं. इतरांनी उंची वेगवेगळी सांगितली. पडत्या विमानात बसलेल्या माणसाला उंची मोजायला लावणं म्हणजे काय, ते मी ट्रॅक्टर उलटून वाचलेल्यांकडून ऐकलं आहे. ‘‘दोन मिनिटं हवेत होतो पाटील,’’ म्हणतात. तीच गत कोण कुठं बसला होता याची.

खाली उरणारं असं: विमान उडताच पडलं. डावीकडच्या इंजिनात बिघाड झाला. शिदेई जागेवर गेले. नेताजींच्या अंगावर पेट्रोल उडालं होतं, ते पेटत्या कपड्यांनिशी बाहेर आले. हबीबुर रहमानही भाजले. दोघांना नानमोन दवाखान्यात नेलं. नेताजी त्याच दिवशी, उशिरात उशिरा मध्यरात्री गेले. विमानातले, धावपट्टीवरचे आणि दवाखान्यातले असे तिन्ही ठिकाणचे लोक, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या चौकश्यांत, हा गाभा सांगतात. एवढे दाणे टोपलीत राहतात.

पण सगळा फरक भूस म्हणून फुंकू नका. दहन कोणत्या तारखेला झालं? कोणी २० ऑगस्ट सांगतं, जपानच्या त्या अहवालात २२ आहे. दोन दिवसांचा फरक हलका नाही. मृत चेहऱ्याचा फोटो नाही, हेही हलकं नाही. अशांना वहीत लाल पेननं गोल करा. त्यांच्याकडे परत यायचं आहे.

घड्याळ कोणाचं

वेळेला वेगळं पान द्या. गुराखी म्हणाला होता, ‘‘ढोरं घरी आनाच्या टायमाले.’’ बाई म्हणाली होती, ‘‘एसटी गेली अन् मंग.’’ कागदावर दीड तासाचा फरक दिसत होता. डेपोतून कळलं की त्या दिवशी एसटीच दीड तास उशिरा आली होती. फरक गेला.

तैहोकूच्या वेळा पाहा. अपघात दुपारी २ ते ३ च्या मधे, याबद्दल मोठी ओढाताण नाही. मृत्यूची वेळ मात्र जपानच्या अहवालात संध्याकाळी ७, बहुतेक लिखाणात रात्री ९ ते १०, आणि दोमेईच्या बातमीत मध्यरात्र. दोमेईनं तर दवाखाना जपानमध्ये असल्याचं म्हटलं होतं. यातलं कोणतं वजनदार? बातमी पाच दिवसांनी, टोकियोतून, तोंडोतोंडी आलेल्या मजकुरावर निघाली. ती माझ्या वहीत खालच्या ओळीत. ७ आणि ९ चा फरक मात्र मी तसाच लिहून ठेवला, मिटवला नाही.

नातीनं इथं एक चांगला प्रश्न काढला. तिकडं २ वाजता आपल्याकडं किती? त्या काळात फॉर्मोसात टोकियोचंच घड्याळ चालायचं. आणि आपल्याकडं लढाईमुळं घड्याळ एक तास पुढं सरकवलं होतं, १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत. म्हणजे तिथले दुपारचे २ हे त्या दिवशीच्या दारव्ह्याच्या घड्याळात साडेअकरा. आजच्या फोनवर हिशेब केला तर साडेदहा निघतात. कोणी दोन वेळा सांगून ‘बघा, खोटं’ म्हणाला, तर आधी विचारा, घड्याळ कोणाचं.

कागद नसला तर

आता सगळ्यात अवघड जागा. इथं मी दोन रात्री काढल्या.

आमच्या रपट्यावर गेलेल्या माणसाचं पीएम, म्हणजे शवविच्छेदन, झालं. थोरल्या भावानं सही केली. कागद तयार करणाऱ्यानं सहीखालचं नाव मृताच्या रकान्यात टाकलं. झालं! जिवंत भाऊ कागदावर मेला आणि मेलेला भाऊ जिवंत राहिला. फेरफार अडला, सातबाऱ्यावर वारस चढेना, कर्जाची नोटीस मेलेल्याच्या नावे येत राहिली. दोन वर्षं मी मेलेल्याच्या बायकोबरोबर चकरा मारल्या. कोणत्या टेबलावर ती चूक झाली ते आता उकरत नाही. पण तेव्हापासून नोंदवहीत नाव नाही म्हणजे माणूस मेला नाही, असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. आणि नोंदवहीत नाव आहे म्हणजे तोच मेला, असंही नाही.

तैहोकूला नेमकं हेच आहे. सरकारनं १९९९ ला नेमलेल्या मुखर्जी आयोगानं तिथले दहनाचे कागद पाहिले. ज्या कागदाकडं बोट दाखवलं जातं त्यावर नाव आहे इचिरो ओकुरा, जपानी सैनिक, १९ ऑगस्टला हृदय बंद पडून मृत्यू, २२ ला दहन. नेताजींच्या नावाचा कागद मिळाला नाही. तैवान सरकारनं आयोगाला कळवलं की त्या दिवसांत तिथं विमान पडल्याची नोंद त्यांच्याकडे नाही. आयोगानं निष्कर्ष काढला: नेताजी आता हयात नाहीत, पण सांगितलं जातं तसे विमान अपघातात गेले नाहीत, आणि रेंकोजीतल्या अस्थी त्यांच्या नाहीत. केंद्र सरकारनं २००६ मध्ये हा निष्कर्ष स्वीकारला नाही.

कागद वाचताना तीन गोष्टी विचारायच्या. कागद कोणी लिहिला, कोणत्या परिस्थितीत लिहिला, आणि आज जो ‘नाही’ म्हणतो तो तेव्हा तिथं होता का. शरणागतीच्या दिवसांत जपानी सैन्य आपले कागद स्वतःच्या हातानं जाळत होतं. तैवानचा ताबा चीनकडं गेला तो २५ ऑक्टोबर १९४५ ला. आमच्या गावची जुनी कोतवाल बुकं मागायला लोक येतात, जातीच्या दाखल्यासाठी. काही वर्षांची मिळत नाहीत, वाळवी लागली. म्हणून त्या वर्षी गावात कोणी जन्मलंच नाही काय?

ओकुरा हे नाव नेताजींचा मृत्यू लपवण्यासाठी वापरलं, असं म्हणणारे आहेत. ओकुरा खरा सैनिक होता आणि त्याचाच कागद नेताजींचा म्हणून दाखवला, असंही म्हणणारे आहेत. मी दोन्ही लिहिली आणि लाल गोल केला. नात वैतागली. ‘‘मंग मी भाषनात काय बोलू?’’ म्हटलं, हेच बोल.

मुद्देमालाचंही तसंच. हबीबुर रहमान यांनी आणलेलं जळकं घड्याळ चौकोनी होतं, घरच्यांचं म्हणणं नेताजी गोल घड्याळ वापरत. व्हिडिओवाल्यांना यात सगळं सापडतं. आमच्या नाल्यातल्या माणसाच्या पायात एकच चप्पल होती, तीही त्याच्या सालदाराची. वस्तू साक्ष देते, पण फार मोठ्यानं बोलत नाही.

कागदाचा हा घोळ दिल्लीपर्यंत गेला आहे बरं. १९९२ ला नेताजींना भारतरत्न ‘मरणोत्तर’ जाहीर झालं. त्या एका शब्दावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९७ मध्ये तो सन्मान मागं घ्यावा लागला. आमच्या फेरफारासारखंच, फक्त टेबल मोठं.

पंच कोण होते

चौकशीचा निकाल वाचण्याआधी पंच पाहा. शाहनवाज समितीत तिघे: आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, सनदी अधिकारी मैत्रा, आणि नेताजींचे थोरले भाऊ सुरेशचंद्र बोस. ६७ साक्षीदार तपासले. दोघांनी अपघाती मृत्यू मान्य केला. सुरेशबाबूंनी आधी मुख्य मुद्द्यांच्या कागदावर सही केली, नंतर वेगळा अहवाल दिला. सही करून मग फिरलेले पंच मी पाहिले आहेत, दोन्ही तऱ्हेचे: दबावानं सही केलेले, आणि घरच्या दबावानं फिरलेले. कोणती तऱ्हा इथली, ते मी ठरवत नाही. पण या समितीची मोठी उणीव वेगळी आहे. ती तैवानला गेलीच नाही. घटनास्थळ न पाहता केलेला पंचनामा! आमच्या जमादारानं असं केलं असतं तर साहेबांनी फाडून फेकला असता.

न्यायमूर्ती खोसला एकटे होते, २२४ साक्षीदार तपासले, तैवानला जाऊन आले, आणि १९७४ ला अपघातच म्हणाले. न्यायमूर्ती मुखर्जी १९९९ ते २००५, १३१ साक्षीदार, तेही तैवानला गेले, आणि उलट म्हणाले. पण तोवर पहिल्या ओळीतले किती उरले होते? ते वयाचं गणित नातीनं केलं, मी फक्त पाहत बसलो. साक्षीदार जाऊन कागद उरले की निकाल कागदांवर लागतो, आणि कागदांचं वर सांगितलंच आहे.

हबीबुर रहमान यांच्यावर जास्त वेळ द्या. विरोधी बाजूचं सगळं बळ या एका माणसावर आहे: ते निष्ठावान होते, नेताजींच्या हुकमावरून खोटं बोलले. होऊ शकतं. निष्ठेपायी खोटं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. पण मग पाहा, खोटं किती दिवस ओढावं लागलं. ब्रिटिशांच्या कैदेत तेच सांगितलं. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथून १९५६ ला समितीसमोर येऊन पुन्हा तेच. आणि त्यांनी हुकूम पाळला म्हटलं, तरी डॉक्टर योशिमींना कोणी हुकूम दिला? एका माणसाला खोटं ठरवायला सहा माणसं खोटी ठरवावी लागत असतील, तर तो आकडा वहीत लिहा. मी लिहिला.

जिवंत असल्याचा दावाही त्याच तराजूत

हे लोक करत नाहीत. अपघाताच्या बयानाला भिंगानं पाहतात आणि बाबाच्या गोष्टीला डोळे मिटून हात जोडतात.

माझे बाबा माझ्या आधी पाटील होते. जून १९४० मध्ये फॉरवर्ड ब्लॉकची अखिल भारतीय परिषद नागपूरला भरली होती, नेताजी अध्यक्ष. बाबा दारव्ह्याहून शकुंतला गाडीनं मूर्तिजापूरला आणि तिथून नागपूरला गेले होते, वय बावीस. ती छोटी गाडी आता बंद पडली. बाबा मरेस्तोवर म्हणायचे, ‘‘थो मानूस असा मरनारच नाई. म्या सोताच्या डोयानं पायला हाय.’’ पाहिलं होतं ते भाषण, पण साक्ष द्यायचे मरणाची.

आणि याच बाबांनी १९७२ च्या दुष्काळात काय केलं ते पाहा. गावात एक गोसावी आला. वीस वर्षांपूर्वी हरवलेला एका घरचा मुलगा मीच, म्हणाला. म्हातारीनं त्याला उराशी धरलं. नाक तसंच, चाल तशीच, सगळं गाव हो म्हणू लागलं. बाबांनी त्याला वावरात नेलं आणि विचारलं, तुझ्या बापाच्या बैलजोडीची नावं सांग. गोसावी म्हणाला, संसार सोडला, आता नावं आठवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गेला, म्हातारीची चांदीची वाळी घेऊन. नेताजींच्या बाबतीत मात्र बाबांनी बैलांची नावं कधी विचारली नाहीत.

तुम्ही विचारा. साठीच्या दशकात उत्तर बंगालातल्या शौलमारी आश्रमाच्या साधूला नेताजी म्हणत. नंतर फैजाबादचे गुमनामी बाबा, १९८५ ला वारले. वहीत त्यांच्यासाठीही तेच चार रकाने आखा. कोणी पाहिलं, कुठून पाहिलं? बाबा पडद्याआडून बोलत, म्हणजे दुसरा रकाना इथंच लंगडा. सामानात बोस कुटुंबाचे फोटो, पुस्तकं, पत्रं सापडली, हे खरं आणि वजनदार. पण मुखर्जी आयोगालाही ते नेताजी असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही, दातांच्या डीएनए तपासणीतूनही नाही. उत्तर प्रदेश सरकारनं नेमलेल्या सहाय आयोगानं पुढं सांगितलं की ते नेताजी नव्हते. रशियाच्या गोष्टीत तर पहिल्या ओळीचा साक्षीदारच कोणी दाखवत नाही. अपघाताच्या पानावर लाल गोल पाच, पण दाणेही आहेत. या पानांवर बहुतेक लालच.

मन काय म्हणतं, त्याला वहीत रकाना नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहणारे गांधीजी १९४६ च्या सुरुवातीला म्हणाले होते की मला सुभाष जिवंत वाटतो. बाबा हे वाक्य कायम सांगायचे. पुढचं सांगायचे नाहीत. त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये गांधीजींनीच लिहिलं की त्या वाटण्याला पुरावा नव्हता, लोकांनी ते विसरावं.

शेवटचं पान

पंचनाम्यात मत लिहायचं नसतं, पण घरच्या वहीत चालतं. माझं असं: नेताजी तैहोकूला भाजून गेले, याकडं माझा काटा झुकतो. दहनाच्या कागदाचा गुंता सुटलेला नाही, आणि तो सुटला असं सांगणाऱ्याला मी चहा पाजतो, वही देत नाही.

नातीला मात्र माझं मत लिहू दिलं नाही. तिला म्हटलं, शेवटचं पान कोरं सोड. नेताजींच्या कन्या अनिता बोस फाफ रेंकोजीतल्या अस्थींची डीएनए तपासणी व्हावी आणि त्या भारतात याव्यात, असं अनेकदा म्हणाल्या आहेत. झाली तर त्या पानावर लिहायचं.

२३ जानेवारीला ती पाच मिनिटं बोलली. एका मास्तरानं विचारलं, मग शेवटी काय? ती म्हणाली, सर, मृत्यूची वेळ तीन ठिकाणी तीन आहे, कोणती सांगू? नंबर दुसऱ्या मुलीचा आला, जी रशियावर बोलली. घरी येऊन नातीनं वही माझ्या खाटेवर टाकली. कोऱ्या पानावर वर ‘रेंकोजी’ लिहिलं होतं, खाली काही नाही. लाल पेन अजून तिच्याकडंच आहे.